५२/४२ ला रामराम : जुन्या स्टील सायकलच्या गिअरच्या नोंदी

६ जानेवारी

काल पुन्हा त्याच चढावर उतरून सायकल ढकलली. जेमतेम तीन किलोमीटरचा चढ, आठ टक्क्यांचा. दोन किलोमीटर दात-ओठ खात काढले आणि शेवटच्या वळणावर गुडघ्यांनी हात टेकले. घरी येऊन सायकल स्टँडवर टांगली आणि ही वही उघडली. आता गिअर हलके करायचेच.

आधी जे आहे ते लिहून ठेवतो. फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या नळ्यांची, लगनी (सांध्यांवरच्या बाह्यांनी) जोडलेली. पुढे, पायडलपाशी, ५२ आणि ४२ दात्यांच्या चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या. मागे सहा चकत्यांचं फ्रीव्हील : १३-१५-१७-१९-२१-२४. गिअर बदलायचे खटके डाउनट्यूबवर (हँडलकडून पायडलकडे येणारी तिरकी नळी), दोन्ही फ्रिक्शनचे, म्हणजे लिव्हरला टप्पे नाहीत, हाताच्या अंदाजाने सरकवायचे. मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांमधलं, अंतर १२६ मिमी. चाकं ७००सी मापाची, टायर २८ मिमी रुंदीचे.

अट एकच. सायकल लांबून पाहिली तर जुनीच दिसली पाहिजे. बारीक नळ्या, उघड्या केबल, चांदीसारखी चमकणारी क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे. ब्रेकच्या मुठीत शिफ्टर नकोत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण या फ्रेमवर ते धोतरावर बूट घातल्यासारखे दिसतील.

९ जानेवारी

टायरच्या व्हॉल्व्हपाशी खडूची खूण केली, सीटवर बसलो, मुलीने सायकल हळूहळू पुढे ढकलली आणि फरशीवर दोन खुणांमधलं अंतर मोजलं. २ मीटर १३.५ सेंटीमीटर. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर. गिअर इंचातही मोजतात, पण मला मीटर समजतात : पायडलचा एक फेरा, सायकल किती पुढे.

सर्वांत जड गिअर ५२/१३, म्हणजे बरोबर ४ पट, ८.५४ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ४६ किमी. सर्वांत हलका ४२/२४, म्हणजे १.७५ पट, ३.७४ मीटर.

आता चढ. मी आणि सायकल मिळून ८५ किलो. आठ टक्क्यांवर ताशी ८ किमीने जायला सुमारे १६० वॅट लागतात. तेवढं माझ्याने अर्धा तास निभतं. मग अडतं कुठे? ताशी ८ किमी म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. ३.७४ ने भागलं की मिनिटाला ३६ फेरे. दर फेऱ्याला पायडलवर जवळजवळ उभं राहायचं. हेच १६० वॅट मिनिटाला ६६ फेऱ्यांनी काढले तर पायडलवरचा जोर निम्म्याच्या जवळ येतो. म्हणजे दमसास कमी पडत नव्हता, दाते कमी पडत होते. किंवा जास्त होते, कुठल्या बाजूने बघता त्यावर.

६६ फेऱ्यांसाठी गिअर हवा २ मीटरचा. पुढच्या आणि मागच्या दात्यांचं प्रमाण एकाहून किंचित कमी. ही झाली खालची हद्द. वरची हद्द कुठे ते अजून ठरलेलं नाही.

१३ जानेवारी

फ्रीव्हील उतरवलं. उतरवलं एवढंच लिहिलं की सोपं वाटतं. हे दोन खाचांचं आहे. रिमूव्हरचे दोन दात खाचांत बसवायचे, ते निसटू नयेत म्हणून वरून क्विक रिलीजचं नट आवळायचं, रिमूव्हर व्हाइसमध्ये धरायचा आणि चाकाची रिम दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवायची. पहिल्या वेळी नट आवळायला विसरलो आणि एका खाचेची कड उडाली. दुसऱ्या वेळी व्हाइसच बाकावरून हलला. तिसऱ्या वेळी 'टक्क' असा आवाज आला. मला वाटलं रिमूव्हर गेला, पण आटे सुटले होते. नट लगेच सैल केलं नाही तर तेच एक्सलला ओढत बसतं, हे लक्षात ठेवायचं.

मग फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवून, पुसून उजेडात धरलं. इथे खरा हिशेब सापडला. १३ च्या चकतीवरचा मुलामा नव्यासारखा. १५ चाही बराचसा शाबूत. १७ आणि १९ च्या दात्यांना एका अंगाने अशी कड आली आहे की नख अडकतं. २४ चे दाते कोयत्यासारखे वाकलेत. इतकी वर्षं ही सायकल चालवली आणि माझं निम्मं फ्रीव्हील शोभेला होतं. मी वेगाने जातो अशी माझी समजूत होती. चकत्यांचं मत वेगळं आहे.

वरची हद्द ठरली. ८ मीटरच्या आसपास पुरे. उतारावर पाय थांबवायचे आणि बसून राहायचं.

१४ जानेवारी

मोकळा एक्सल आरशाच्या काचेवर ठेवून लोटला. मध्ये उचलला जातो, बाजूंना टेकतो. वाकलाय. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) उजव्या बाजूचं बेअरिंग ड्रॉपआउटपासून फार आत असतं, कारण मध्ये सगळ्या चकत्या बसलेल्या असतात. तेवढा एक्सल उघडाच, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा तोच सोसतो. कॅसेट हबमध्ये मोकळा फिरणारा भाग, फ्रीहब, हबलाच जोडलेला असतो आणि चकत्यांचा जुडगा, म्हणजे कॅसेट, त्यावर सरकवतात. त्यात बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला जातं, म्हणून तो प्रश्न मिटतो. तेव्हा मागचं चाक नव्या हबवर बांधायचं हे आता ठरलंच.

१९ जानेवारी

अण्णा आले होते. वय पंचाहत्तर, तरुणपणी याच सायकलीसारख्या सायकलीवर शर्यती केलेले. स्टँडवरची उघडी सायकल बघून म्हणाले, "४२-२४ वर आम्ही सगळे चढायचो की रे. गिअर कसले बदलतोस, वजन कमी कर."

"अण्णा, तेव्हा तुम्ही पंचविशीत होता."

"हे मात्र खरं," म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, "पण मग ती पारंपरिक सायकल राहणार नाही हां."

हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. परंपरा कोणाची? ५२/४२ ही शर्यतवाल्यांची परंपरा, आणि ती पोटासाठी सायकल चालवणाऱ्या विशीतल्या पोरांची. त्याच्याही आधीपासून फ्रान्समध्ये दुसरी माणसं होती. सेंत एतिएनचा पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ, जन्म १८५३चा. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओरडून सांगत होता की डोंगरात फिरायचं तर अनेक गिअर हवेत. उलट टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, दुबळ्यांची काठी वाटायची. त्याच्या शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला मज्जाव होता. तोवर शर्यतवाले चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं करून बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चढायचे. वेलोसिओच्या वाटेने जाणारे प्रवासी सायकलस्वार मात्र मजेत टिचभर चेनरिंग लावून डोंगर चढत होते. टी.ए. कंपनीच्या 'सिक्लोतूरिस्त' क्रँकवर २६ दात्यांपर्यंतची चेनरिंग बसायची.

म्हणजे मी ३० दाते लावले तर परंपरा मोडत नाही, गल्ली बदलतो. अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तू वकील व्हायला हवं होतंस."

२७ जानेवारी

क्रँक. आत्ताच्या क्रँकचे पाच बोल्ट १४४ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. त्यावर सर्वांत लहान चेनरिंग ४१ ची बसते. म्हणजे ४२ ऐवजी ४१, बाकी काही नाही. १३० च्या वर्तुळावर ३८ पर्यंत उतरता येतं, ११० वर ३४ पर्यंत. मला हवेत त्याहूनही कमी.

सरळ मार्ग : ११० आणि ७४ अशा दोन वर्तुळांची जुनी ट्रिपल, म्हणजे तीन चेनरिंगची, क्रँक घ्यायची आणि बाहेरची चेनरिंग लावायचीच नाही. मधल्या जागी ४६, आतल्या ७४ च्या जागी ३०. ७४ वर २४ पर्यंत जाता येतं, त्यामुळे उद्या गुडघ्यांनी आणखी संप केला तरी जागा शिल्लक आहे. अशी एक क्रँक जुन्या भागांत मिळाली, चौकोनी एक्सलची, पॉलिश मारली की चमकेल.

हाफ-स्टेपचा मोह एक संध्याकाळ खाऊन गेला. पुढे ५०/४६ लावायचं, मागे १४-१६-१९-२२-२६, आणि पुढच्या खटक्याने मागच्या दोन चकत्यांमधलं अंतर बरोबर अर्धं करायचं. कागदावर गिअरची माळ इतकी सुबक दिसते की लावावीशी वाटतेच. पण दर दुसऱ्या बदलाला दोन्ही खटके हलवायचे, आणि एवढं करून सर्वांत हलका गिअर ४६/२६. तो गिअर मला त्या वळणावर पुन्हा उतरवणार. वही मिटली.

३ फेब्रुवारी

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच, काढला. म्हणजे शेवटी निघाला. उजव्या बाजूच्या कपचे आटे इंग्लिश पद्धतीत उलटे असतात, हे मला माहीत आहे. कित्येकांना मी ते सांगितलं आहे. तरी वीस मिनिटं मी तो कप सगळी ताकद लावून घट्ट करत होतो.

५ फेब्रुवारी

मागची बाजू, आणि इथेच जास्त विचार झाला.

रिम ब्रेकच्या सायकलींचे नंतरचे रोड हब १३० मिमीचे, माझी फ्रेम १२६ ची. स्टील आहे, ४ मिमी फाकवता येते. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी, तेही थंड अवस्थेत. ॲल्युमिनियम असतं तर विचारही केला नसता. आधी फ्रेम सरळ आहे का ते दोऱ्याने पाहिलं : एका ड्रॉपआउटला दोरा बांधून हेडट्यूबला (हँडलखालची आखूड नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायचा, ताणायचा आणि सीटट्यूबपाशी दोन्ही बाजूंना दोऱ्याचं नळीपासूनचं अंतर मोजायचं. उजवीकडे २९, डावीकडे ३० मिमी. एवढं चालतं.

मुलगी पट्टी धरून उभी होती. म्हणाली, "बाबा, हे तू कालही मोजलं होतंस."

"काल ३१ आलं होतं."

"मग उद्या ३२ येईल."

फाकवायची हिंमत होती, इच्छा होत नव्हती. फळी अडकवून ५३१ वर जोर लावायचा म्हणजे पोटात गोळा येतो. आणि नुसतं फाकवून भागत नाही, ड्रॉपआउट पुन्हा समांतर करावे लागतात, नाहीतर नवा एक्सलही वाकणार.

तेव्हा दुसरा रस्ता. १९८० च्या दशकाच्या अखेरचे सात चकत्यांचे कॅसेट हब १२६ मिमीचेच असायचे. सात चकत्यांच्या फ्रीहबवर नऊ स्पीडच्या, म्हणजे नऊ चकत्यांच्या, कॅसेटमधल्या आठ चकत्या बसतात. ऐकीव होतं, म्हणून हिशेब केला. सात स्पीडमध्ये एका चकतीपासून दुसरी ५ मिमीवर. सहा फटी, म्हणजे ३० मिमी. नऊ स्पीडमध्ये हेच अंतर ४.३४ मिमी. आठ चकत्यांच्या सात फटी, म्हणजे ३०.४ मिमी. फरक अर्ध्या मिमीच्या आत. चकत्यांची जाडी जवळपास तीच. बसणार.

फ्रेम न वाकवता आठ गिअर. आज झोप चांगली लागेल.

११ फेब्रुवारी

नऊ स्पीडची ११-३२ कॅसेट अशी असते : ११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२. यातली ११ मला नकोच आहे. ती काढली की उरलं १२ ते ३२, प्रत्येक पायरी १२ ते १७ टक्क्यांची. फक्त एक मेख : सर्वांत बाहेरच्या चकतीच्या तोंडावर लॉकरिंगसाठी (सगळ्या चकत्या जागी आवळणारी कडी) बारीक दातेरी कड असते, आणि या कॅसेटमधली १२ ही दुसऱ्या जागेची असल्याने तिला ती नसते. म्हणून १२ पासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या कॅसेटची पहिली चकती आणून लावली. कॅसेटच्या पिना ग्राइंडरने घासून चकत्या सुट्या केल्या. लॉकरिंग कुरकुरत आवळलं, सगळं घट्ट बसलं, डोलत नाही.

गिअर मीटरमध्ये. ४६ च्या चेनरिंगवर ८.१८, ७.०२, ६.१४, ५.४६, ४.६८, ४.०९, ३.५१. ३० वर ४.००, ३.५६, ३.०५, २.६७, २.२९ आणि सर्वांत शेवटी ३०/३२ वर बरोबर २.००. जो आकडा ९ जानेवारीला हवा होता तो.

चाक बांधण्याबद्दल फार लिहीत नाही. छत्तीस आरे, तीन संध्याकाळी, दोनदा उसवलं.

१७ फेब्रुवारी

क्रँक चढवली. चेनलाइन मोजली, म्हणजे चेन फ्रेमच्या मध्यापासून किती अंतरावरून धावते ते. ४६ ची चेनरिंग फ्रेमच्या मध्यापासून ४५ मिमीवर आली. मागे ४५ मिमीवर चौथी चकती येते, १८ ची. सपाटीवर मी जिथे तासन्‌तास असतो तो गिअर हाच : ४६/१८, ५.४६ मीटर, ८५ फेऱ्यांना ताशी २८ किमीच्या आत-बाहेर. त्या गिअरमध्ये चेन मागून-पुढे दोरीसारखी सरळ दिसते. हे जमवून आणलेलं नाही, आपसूक जमलं. पण श्रेय घ्यायला काय जातंय.

पुढचा डिरेलर खाली घ्यावा लागला. एका दात्यामागे चेनरिंगची त्रिज्या साधारण २ मिमीने बदलते, ५२ वरून ४६ म्हणजे १२ मिमी खाली. सीटट्यूबवर पट्ट्याने आवळायचा डिरेलर आहे म्हणून निभावलं. फ्रेमवर डिरेलरसाठी पान झाळलेलं असतं तर त्याची खाच एवढी खाली पोचली नसती. चेन डिरेलरच्या ज्या पिंजऱ्यातून जाते त्याची बाहेरची पट्टी दात्यांच्या वर २ मिमी ठेवली. पिंजऱ्याची गोलाई ५२ साठी आहे, त्यामुळे मागचं टोक ४६ पासून जरा लांब राहतं. बदल थोडा आळशी होईल. ३० वर असताना मागे १२ किंवा १४ घेतली की चेन पिंजऱ्याच्या तळाला घासते. ते दोन गिअर वापरायचेच नाहीत.

मागचा डिरेलर : चेनरिंगमधला फरक १६, मागचा फरक २०, म्हणजे ३६ दात्यांइतकी चेनची ढील त्याने आवरायला हवी. जुन्या छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरला हे झेपत नाही. लांब पिंजऱ्याचा, नऊ स्पीडच्या काळातला शिमानो कंपनीचा डोंगरी सायकलीचा डिरेलर लावला. त्या काळात शिमानोचं रोडचं आणि डोंगरी सायकलीचं केबल ओढण्याचं प्रमाण एकच होतं, म्हणून तो चालतो. दिसतो मात्र बगळ्याच्या पायासारखा. लांबून जुनी दिसली पाहिजे या अटीचा इथे भंग झाला. लांबूनच, पण उजवीकडून बघू नका.

चेन : मोठी चेनरिंग, मोठी चकती, डिरेलर सोडून वळसा, वर एक इंच. ११४ कड्यांतून ४ काढल्या.

२० फेब्रुवारी

आता खटके. जुने फ्रिक्शनचे खटके तसेच ठेवायचे हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. आज ते बारगळलं.

नऊ स्पीडला एका चकतीवरून दुसरीवर जायला केबल अडीच मिमी ओढावी लागते. सात वेळा म्हणजे साधारण १८ मिमी. जुन्या लिव्हरचा केबल गुंडाळायचा ड्रम १५ मिमी व्यासाचा, घेर ४७. म्हणजे लिव्हरला पाऊण नव्हे, पण एक तृतीयांशाहून जास्त फेरा मारावा लागतो, जवळपास १४० अंश. पूर्वी १३ ते २४ ला एवढी गरज नव्हती. आता २८ वर जाईपर्यंत लिव्हर मागे पूर्ण आडवी होते आणि ३२ साठी खाली ढकलताना बोटं पाण्याच्या बाटलीवर आपटतात. चढावर, घामाने ओल्या हाताने, हे होणार नाही.

मग साध्या फ्रिक्शनचा मूळ दोषही आठवला. डिरेलरची स्प्रिंग लिव्हरला सतत पुढे ओढत असते, तिला धरून ठेवण्याइतका स्क्रू आवळायचा. म्हणजे मोठ्या चकतीकडे ओढताना स्प्रिंग अधिक घर्षण, दोन्हींशी झगडायचं. स्क्रू जरा सैल झाला की उभं राहून जोर मारताना गिअर आपोआप घसरतो. सनटूर कंपनीने त्यावर बारीक दात्यांची रॅचेट काढली, सिंप्लेक्स कंपनीने ड्रममध्ये गुंडाळीची स्प्रिंग बसवली. दोन्हींत ओढताना घर्षण जवळजवळ गळून पडतं आणि परत येताना तेवढं आडवं येतं. सिंप्लेक्सची लिव्हर एकदा हातात घेतली होती. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. पण ड्रम तिचाही लहान.

२५ फेब्रुवारी

हँडलच्या टोकाला बसणारे खटके मित्राच्या सायकलवर दिवसभर चालवून पाहिले. हात हँडलवरून सुटत नाही हा मोठा फायदा, खडबडीत रस्त्यावर तर फारच. पण केबल लांब, टेपखालून वळसा घेऊन येणारी, त्यामुळे हाताला गिअर जरा बोथट लागतो. आणि उभं राहून वळताना गुडघा लागून दोनदा गिअर बदलला. प्रवासाला सामान लादलेल्या सायकलवर मी तेच लावीन. या सायकलवर नाही.

डाउनट्यूबचंच पक्कं. त्याचं कौतुक कमी होतं. केबल इतकी आखूड की मागच्या चाकापाशी एक वळण सोडलं तर आवरणच लागत नाही. शिवाय दोन्ही लिव्हर एकाच नळीवर, एका हाताने दोन्ही हलतात. माझ्या गिअरला तेच हवंय : ४६/२४ वरून ३० वर उतरलं की एकदम ३५ टक्के हलकं होतं, पाय हवेत फिरतात. त्याच क्षणी मागे दोन चकत्या बाहेर, १८ वर यायला हवं. उजव्या हाताचा अंगठा एका लिव्हरवर, बोटं दुसरीवर, एकाच हिसक्यात दोन्ही.

शेवटी घेतली ती शिमानोची नऊ स्पीडची डाउनट्यूब जोडी. उजवीला टप्पे आहेत, डावी फ्रिक्शनचीच. उजवीच्या मधली कडी फिरवली की टप्पे जातात आणि तीही फ्रिक्शन होते. आणि परंपरेचं म्हणाल तर टप्प्यांची डाउनट्यूब लिव्हर शिमानोने आपल्या ड्युरा-एस या श्रेणीत १९८४ मध्येच आणली. ब्रेकच्या मुठीतले शिफ्टर १९९० चे. अण्णांना या वेळी फोन केला नाही.

२ मार्च

जोडणी. लिव्हर पूर्ण सैल असेल तेव्हा चेन १२ वर, तिथून सात टप्पे. आठवा टप्पा नवव्या चकतीचा, ती नाहीच. तो आतल्या हद्दीच्या स्क्रूने बंद केला, नाहीतर चेन आऱ्यांत गेली असती.

१८ आणि २१ वर कुरकुर. केबलचा ताण अर्धा-अर्धा फेरा बदलत तासभर घालवला. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. शेवटी डिरेलरच्या हँगरला, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो त्या फ्रेमच्या कानाला, गेज लावलं. खालच्या बाजूला ५ मिमी आत. फ्रिक्शनवर इतकी वर्षं हे कळलंच नव्हतं, कारण हात आपोआप सांभाळून घेत होता. हँगर सरळ केला, कुरकुर गेली.

१० मार्च

तो चढ. पहिला किलोमीटर ३०/२४ वर, मग २८. वळणाच्या आधी ३२ घेतली. एक टप्पा, एक 'खट', पाय हलके. मिनिटाला साठाच्या वर फेरे, वेग तोच ताशी आठ. वर पोचलो तेव्हा बोलता येत होतं.

फ्रिक्शनवर मी जन्म काढला आणि त्याच्या बाजूने भांडलोही. तरी सांगतो, दमलेल्या माणसाला चढावर चकती शोधत बसायला नको असतं. लिव्हर किंचित कमी ओढली तर चेन वर चढत नाही, जास्त ओढली तर घासते, आणि तेवढ्यात सायकल थांबायला येते. टप्पे राहू देत.

१६ मार्च

गर्व फार टिकला नाही. सायकल भिंतीला टेकवली होती, वाऱ्याने पडली, तीही उजवीकडे. हँगर पुन्हा वाकला. मधल्या चार चकत्यांवर एकही टप्पा धड बसेना. घर तीस किलोमीटर. उजव्या लिव्हरची कडी फिरवली, फ्रिक्शन केली आणि जुन्या सवयीने कान देऊन, चाचपत घरी आलो. हात काही विसरलेला नव्हता.

१८ मार्च

हँगर सरळ केला, कडी परत टप्प्यांवर. २८ वरून ३२ वर जाताना चेन अजून क्षणभर रेंगाळते. मागच्या वळणाचं आवरण आखूड कापलंय, डिरेलर पूर्ण आत गेला की ते ताणलं जातं. दोन सेंटीमीटर लांब नवा तुकडा कापायचा, टोक कानशीने सपाट करायचं, मग बसवायचा.